फुसेकी सर्व्हरला फसली साल समजावताना

परभणी जिल्ह्यातील काही गावांच्या निजामकालीन महसुली कागदांची सूची आम्ही काही मित्र मिळून आरडीएफ स्वरूपात, म्हणजे तीन भागांच्या छोट्या विधानांत (ट्रिपल), तयार करीत आहोत. सेतवार असो वा पाहणीपत्रक, प्रत्येक कागदाला स्वतःचा वेब पत्ता द्यायचा आणि त्याला गाव, सर्व्हे क्रमांक, भाषा व साल जोडायचे, अशी ही मांडणी आहे. कुणबी नोंदींच्या शोधामुळे 2023 पासून या कागदांकडे मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबांचे लक्ष वळले आहे, त्यामुळे सूची नीट शोधता येणे ही केवळ अभ्यासकांची गरज राहिलेली नाही. सूची अपाची जेना या जावातील मुक्त प्रणालीच्या फुसेकी सर्व्हरवर ठेवली आहे आणि तिच्यावर स्पार्कल या आरडीएफसाठीच्या प्रश्नभाषेत क्वेरी (शोधप्रश्न) चालवता येतात.

अडचण सालाची होती. कागदांवर फसली साल, म्हणजे महसुलाच्या कामातले वर्ष, आहे आणि शोधणारा माणूस इसवी सन विचारतो. हैदराबाद संस्थानातील फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्याने सुरू होत असे. म्हणून वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांसाठी फसली सालात 590 मिळवावे लागतात आणि जानेवारीपासून पुढे 591. 15 ऑगस्ट 1947 हा दिवस 1356 फसलीत येतो आणि 17 सप्टेंबर 1948 हा 1357 फसलीत. आजूर आणि दै हे पहिले दोन महिने सरळ आहेत, परंतु तिसरा महिना बहमन डिसेंबरात सुरू होऊन जानेवारीच्या पहिल्या दिवसांत संपतो. त्यामुळे केवळ महिना माहीत असेल तर बहमनमधील शेवटच्या काही दिवसांपुरती शंका उरतेच. मद्रास इलाख्यातील फसली वर्ष 1 जुलैला सुरू होई, म्हणून तिकडचे गणित इकडे चालत नाही. हे रूपांतर करणाऱ्या आमच्या फंक्शनच्या वेब पत्त्यात हैदराबादचे नाव मुद्दाम घातले आहे ते याच कारणाने.

हे गणित प्रत्येक क्वेरीत अटींची साखळी लिहून करता येते. पण महिन्यांची नावे उर्दूतून मराठीत तीन-चार तऱ्हांनी उतरलेली असल्यामुळे ती साखळी इतकी लांबते की क्वेरी वाचणाऱ्याला मूळ प्रश्नच दिसत नाही. यासाठी स्पार्कलच्या मानकातच सोय आहे. 2008 सालच्या पहिल्या आवृत्तीपासून एखाद्या वेब पत्त्याने ओळखले जाणारे स्वतःचे फंक्शन क्वेरीत वापरण्याची मुभा आहे आणि 2013 च्या 1.1 आवृत्तीत ती कायम राहिली. मात्र ते फंक्शन सर्व्हरने कोठून उचलावे, याबद्दल मानक काहीच सांगत नाही. ते प्रत्येक सर्व्हरवर सोपवलेले आहे आणि खरे काम तेथेच सुरू होते.

जेनामध्ये फंक्शन लिहिणे हा सोपा भाग आहे. दोन घटक घेणाऱ्या फंक्शनसाठी तयार असलेल्या मूळ क्लासवरून आपला जावा क्लास बेतायचा, त्यातील एका पद्धतीत साल आणि महिना घेऊन इसवी सन परत द्यायचे, आणि महिन्याचे नाव ओळखता आले नाही तर अंदाजे उत्तर न देता जेनाची मूल्यमापनाची चूक फेकायची. महसुली कागदाचे चुकीचे साल हे साल नसण्यापेक्षा अधिक घातक असते, हे आम्ही सुरुवातीलाच ठरवून घेतले होते.

फंक्शनची जार फाइल (जावाचे तयार क्लास एकत्र बांधलेली फाइल) सर्व्हरच्या हाती देणे हा मात्र अनेकांना अडवणारा टप्पा आहे. फुसेकीची एकत्रित जार फाइल जावाच्या जार पर्यायाने चालवली, तर त्याच आदेशात सीपी पर्यायाने दिलेला क्लासपाथ (क्लास कोठे शोधायचे याची यादी) जावा विचारातच घेत नाही आणि त्याबद्दल काही सांगतही नाही. हा जावाचा जुना नियम आहे, फुसेकीचा दोष नव्हे. उपाय असा की जार पर्याय सोडून द्यावा, सीपी पर्यायात दोन्ही जार फाइलींची नावे लिहावीत (लिनक्सवर मध्ये विसर्गचिन्हासारखे दोन टिंब, विंडोजवर अर्धविराम) आणि शेवटी फुसेकीच्या मुख्य क्लासचे पूर्ण नाव द्यावे. सर्व्हर त्याच्यासोबत येणाऱ्या स्क्रिप्टने सुरू करीत असाल, तर त्याच्या कामाच्या फोल्डरात ‘एक्स्ट्रा’ नावाचा फोल्डर करून त्यात जार ठेवली की पुरते. आपल्या जारमध्ये जेनाचे क्लास पुन्हा भरू नयेत, कारण दोन आवृत्त्या शेजारी आल्या की होणारे घोटाळे उलगडणे फार कठीण जाते. जेनाच्या पाचव्या मालिकेला जावा 17 लागते, हेही जार बांधण्याआधी पाहून घ्यावे.

जार क्लासपाथवर आली म्हणजे फंक्शन नोंदले गेले असे नाही. क्वेरीतच ‘जावा’ या उपसर्गानंतर क्लासचे पूर्ण नाव लिहिले, तर जेना नोंदणीशिवायही तो क्लास शोधून चालवते. पहिल्या चाचणीला हे उपयोगी आहे, पण कायमच्या क्वेरीत मी ते कधीही ठेवणार नाही, कारण उद्या क्लासचे नाव बदलले की लोकांनी जपून ठेवलेल्या क्वेरी मोडतात. चांगला मार्ग म्हणजे फुसेकीच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये सर्व्हरच्या वर्णनात ‘लोडक्लास’ हा गुणधर्म लिहिणे. सर्व्हर सुरू होताना तो क्लास उचलला जातो, त्यातील ‘इनिट’ ही स्थिर पद्धत चालते आणि तिच्यात आपण आपला पत्ता व आपला क्लास जेनाच्या फंक्शन नोंदवहीत एकमेकांना जोडून द्यायचा. क्लासपाथवरील सेवा आपोआप शोधणाऱ्या जावाच्या सर्व्हिसलोडर यंत्रणेनेही हेच साधते. मात्र अनेक जार एकत्र करून एक मोठी जार बांधणारे साधन वापरत असाल, तर सेवांची यादी असलेल्या फाइली एकमेकींवर लिहिल्या जाऊन नोंदणी हरवू शकते.

नोंदणी झालेली नसेल तेव्हा काय घडते, हे प्रत्येकाने समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. क्वेरी मोडत नाही. अनोळखी फंक्शन ही त्या ओळीपुरती मूल्यमापनाची चूक ठरते. फिल्टरमध्ये, म्हणजे ओळी गाळणाऱ्या अटीत, अशी चूक झाली की ती ओळ गळते, आणि बाइंडमध्ये, म्हणजे काढलेल्या उत्तराला नाव देणाऱ्या भागात, झाली की ते नाव (चल) रिकामे राहते. म्हणजे शोधणाऱ्याला शून्य निकाल दिसतात आणि आपल्या गावाचा कागदच नाही असा त्याचा समज होतो. त्या पत्त्यासाठी फंक्शन नोंदलेले नाही अशी एक सूचना सर्व्हरच्या लॉगमध्ये तेवढी उमटते. म्हणून सर्व्हर पुन्हा सुरू केला की आम्ही सर्वप्रथम एकही ट्रिपल न लागणारी क्वेरी चालवतो: निवडीत 1357 आणि आजूर देऊन फंक्शन बोलवायचे आणि अटींचा कंस रिकामा ठेवायचा. एक ओळ येते. तिच्यात 1947 असले तर सारे जागेवर आहे, आणि रकाना रिकामा असला तर लॉग उघडायचा.

जावाऐवजी जावास्क्रिप्टमध्ये फंक्शन लिहिण्याची सोयही जेनात आहे. 2023 साली तिच्यातील सुरक्षेच्या त्रुटी जाहीर झाल्या आणि नंतरच्या आवृत्त्यांत स्क्रिप्ट चालवण्यासाठी ती मुद्दाम सुरू करून, वापरायच्या फंक्शनांची नावे परवानगीच्या यादीत द्यावी लागतात. सार्वजनिक सर्व्हरसाठी मी जावाच निवडेन.

फंक्शन चालू लागल्यावर ते सगळीकडे वापरण्याचा मोह होतो, पण फिल्टरमधील आपल्या फंक्शनला साठ्याच्या अनुक्रमणिकेची मदत मिळत नाही. 1935 सालचे कागद विचारले तर आधीच्या अटींतून आलेली प्रत्येक नोंद फंक्शनमधून जाते. म्हणून ज्या कागदांचे साल आणि महिना स्पष्ट आहेत, त्यांचे इसवी सन आम्ही याच फंक्शनने एकदा काढून स्वतंत्र ट्रिपल म्हणून साठवतो. मूळ फसली साल अर्थातच तसेच राहते. नव्याने भरलेल्या आणि अजून तपासायच्या नोंदींपुरतेच फंक्शन प्रत्यक्ष क्वेरीत चालते.

दुसऱ्या सर्व्हरकडून माहिती मागवणाऱ्या सर्व्हिस विभागात हे फंक्शन लिहिता येत नाही, कारण तो विभाग दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि त्याला आमची नोंदवही ठाऊक नसते. गावांचे अक्षांश-रेखांश आम्ही विकिडेटावरून अशा विभागातून आणतो आणि सालाचे रूपांतर त्या विभागाच्या कंसाबाहेर ठेवतो.