अबेच्या गावातून

येना हे जर्मनीतलं मध्यम आकाराचं शहर, पण सूक्ष्मदर्शकाच्या जगात त्याचा मान मोठा. कार्ल झाइसने १८४६ मध्ये इथेच कार्यशाळा थाटली. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीजवळ भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट अबेचं स्मारक आहे आणि त्यावर त्याचं १८७३ सालचं सूत्र कोरलेलं आहे. भिंग कितीही उत्तम घासा, सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके प्रकाशात वेगळे दिसणार नाहीत, असं ते सांगतं. (याच अबेने १९०० साली झाइसच्या कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला. त्याचे वडील सूतगिरणीत राबलेले. मी गिरणगावात वाढले, मला हे काम सूत्राइतकंच मोठं वाटतं.)

ही मर्यादा ओलांडायची वाट भौतिकशास्त्रज्ञ श्टेफान हेलने फिनलंडमध्ये असताना शोधली आणि १९९४ मध्ये मांडली. भिंगाच्या मागे न लागता त्याने नमुन्याला लावलेल्या रंगद्रव्याचे चमकणारे रेणूच हाताशी धरले. पहिला लेझर रेणूंना चमकवतो. लगेच दुसरा येतो, मेदूवड्यासारखा, मधोमध भोक असलेला, आणि कडेचे रेणू विझवतो. भोकातले तेवढे चमकत राहतात. दुसरा झोत जितका प्रखर, तितका उरलेला ठिपका बारीक. २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल हेलला एरिक बेट्झिग आणि विल्यम मोर्नर यांच्यासोबत मिळालं.

आमच्या लॅबमध्ये मज्जापेशीचा अ‍ॅक्झॉन, म्हणजे तिचा लांब तंतू, आधी एक सलग, जाडसर रेघ दिसतो. दुसरा लेझर चालू केला की त्याच रेघेत समान अंतरावर आडवे पट्टे उमटतात. त्या अ‍ॅक्टिन प्रथिनाच्या कड्या, एकमेकींपासून साधारण १९० नॅनोमीटरवर. हार्वर्डमधल्या शाओवेई झुआंग यांच्या गटाने २०१३ मध्ये वेगळ्या तंत्राने त्या पहिल्यांदा दाखवल्या. त्याआधी शंभरहून अधिक वर्षं लोक हेच तंतू बघत होते आणि मर्यादेच्या जरासं आत असल्यामुळे कड्या निसटत होत्या! मला अजूनही हे बघताना भरून येतं.

अडचण आहे ती प्रखर झोताची, त्यात रंगद्रव्य लवकर जळतं. हेलच्या ग्योटिंगेनमधल्या गटाने २०१६ मध्ये 'मिनफ्लक्स' आणलं. त्यात मेदूवड्यासारखा झोत रेणूला विझवत नाही, चमकवतो; रेणूला नेमकं भोकात गाठायचं, जिथे तो सर्वांत कमी चमकतो. प्रकाश थोडा लागतो आणि जागा एक-दोन नॅनोमीटरपर्यंत कळते. २०२३ मध्ये याच तंत्राने जिवंत पेशीत कायनेसिन प्रथिन पावलापावलाने चालताना टिपलं गेलं. अ‍ॅक्झॉनच्या टोकापर्यंत माल पोचवणारं प्रथिन ते हेच. आम्हाला ते त्या कड्यांच्या आतून जाताना बघायचंय, आणि त्यासाठी सध्या जास्त वेळ टिकणारं रंगद्रव्य शोधणं चाललंय.