एवढं बळ कुठून आणता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नात, मंडईत, जिन्यात कुणीतरी हात धरून विचारतंच, "डायलिसिस चालू असून एवढं बळ कुठून आणता हो?" खरं सांगू, सुरुवातीचे तीन महिने माझ्यात काडीचं बळ नव्हतं. किडन्या काम करत नाहीत म्हणून रक्त मशीननं साफ करायचं, आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी ४ तास मशीनला लागायचं, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायचे, कुणाशी बोलणं नाही की काही नाही. डाव्या हाताला फिस्टुला केला, म्हणजे मशीनच्या सुया टोचायला ऑपरेशन करून धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, मग त्या हाताला बीपी घ्यायचं नाही, वजन उचलायचं नाही, बांगड्याही काढल्या. सुया टोचतानापेक्षा तो मोकळा हात बघून मला जास्त रडू यायचं.

आणि तहान! लघवी जवळजवळ बंद, त्यामुळे प्यायलेलं अंगातच साठतं, पाय सुजतात, दम लागतो. मला डॉक्टरांनी दिवसाला पाऊण लिटर सांगितलेलं, त्यात चहा, आमटी, ताक सगळं आलं. एप्रिलमध्ये सांगलीच्या उन्हात एकदा राहवलं नाही, नळाखाली तोंड धरलं. पुढच्या वेळी वजन साडेचार किलो जास्त भरलं, आणि मशीननं तेवढं पाणी ओढताना पोटऱ्यांत असे गोळे आले की मी ओरडलेच.

तेव्हा शेजारच्या बेडवरचे काका पहिल्यांदा बोलले. जत तालुक्यातले, पहाटेच्या एसटीनं येतात, उपचार सरकारच्या महात्मा फुले योजनेत फुकट होतात पण शेतातला दिवस बुडतो तो बुडतोच. म्हणाले, "ताई, आमच्याकडं टँकर आठ-आठ दिवस यायचा नाही. आई सकाळीच ज्याची त्याची वाटणी तांब्यात काढून ठेवायची. वाटीनं घ्यायचं, तोंडात धरायचं, मग गिळायचं. तांब्या सपला की दिवस सपला." बास, एवढंच. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊण लिटरातून चहा-आमटीचं वजा केलं, उरलेलं पाणी मोजून तांब्यात काढलं आणि छोटी वाटी शेजारी ठेवली, संध्याकाळी तळाशी दोन घोट उरले होते, ते बघून मला जो आनंद झाला तो मी शब्दात नाही सांगू शकत.

मग मी कूस बदलली आणि विचारायला लागले. समोरचा मुलगा एमपीएससी करतो, एका हातात सुया आणि दुसऱ्या हातानं पोटावरचं पुस्तक धरलेलं, त्यानं मला रोज सकाळी फिस्टुलावर तळवा ठेवायला शिकवलं, आत भुंगा गुणगुणल्यासारखं लागलं म्हणजे रक्त नीट वाहतंय, ते थांबलं तर लगेच डॉक्टरांना फोन करायचा. कोपऱ्यातल्या वहिनींना आईनं किडनी दिलेली, ती ९ वर्षं चालली आणि बंद पडली, परत मशीनवर. मी घाबरत विचारलं, परत यायला जड नाही गेलं? तर म्हणाल्या, "गेलं की. आठवडाभर जेवले नाही. पण नऊ वर्षं पोटभर पाणी प्याले ना!" ते सांगताना त्यांचा चेहरा काय खुलला होता.

दुसऱ्याचं दुःख मोठं म्हणून आपलं विसरायचं, असं काही जण समजावतात, ते मला नाही पटत, माझं दुखायचं ते दुखतंच. पण आज दुपार कशी काढायची हे मला या माणसांनी शिकवलं, आणि अशा दुपारी काढत काढत ४ वर्षं झाली.

परवा काका आले ते बेडवर टेकायच्या आधीच सांगायला लागले. त्यांच्या गावच्या तलावात म्हैसाळ योजनेचं पाणी आलंय, कृष्णेचं. सगळं गाव बघायला गेलं होतं, बायकांनी ओटी भरली. मी विचारलं, तुम्ही काय केलंत? म्हणाले, "चपला काढल्या आणि गुडघ्याएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिलो, पार अंधार पडंस्तवर."