आमची वाटचाल : आधी छोटा ड्रोन, मग मोठा

लासलगावात आमचं मूळ काम दुरुस्तीचं. फवारणी पंपाच्या मोटारी, स्टार्टर, इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर, जे येईल ते. त्याच टेबलावर हळूहळू ड्रोन येऊ लागले. कुणी भाच्याच्या वाढदिवसाला घेतलेला, कुणी लग्नाच्या शूटिंगसाठी उसनवारी करून आणलेला. बहुतेकांची हकिकत एकच असायची : आणला त्याच दिवशी उडवला आणि त्याच दिवशी आपटला. उघडून बघावं तर आत काही बिघडलेलंच नसायचं. पाती चुकीच्या मोटारीवर चढवलेली असायची, नाहीतर उतरत्या गच्चीवर ठेवून ड्रोन चालू केलेला असायचा, नाहीतर बॅटरी पार तळाला गेलेली.

नवी पाती घालून ड्रोन परत द्यावा तर आठवड्यात तो पुन्हा टेबलावर. मग आम्ही गिऱ्हाइकाला थांबवून घ्यायला लागलो. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाती कशी ओळखायची, बॅटरी कशी जपायची, एवढं दाखवायचं आणि मगच वस्तू हातात द्यायची. त्याचे वेगळे पैसे घेत नव्हतो. पुढे ज्यांचा ड्रोन बिघडलेला नाही असे लोकही नुसतं शिकायला येऊ लागले, तेव्हा त्याचा वर्ग झाला. आज आमची निम्म्याहून जास्त कमाई शिकवण्यातून होते.

एक गोष्ट आम्ही सुरुवातीपासून धरून ठेवली आहे. शिकायला शाळकरी मुलगी येवो, फोटोग्राफर येवो, नाहीतर फवारणीच्या ड्रोनचं कोटेशन खिशात घेऊन आलेला द्राक्ष बागायतदार येवो, सुरुवात तळहाताएवढ्या ड्रोनवरच करायची. वजन शंभर ग्रॅमच्या आत, चार छोट्या कोरलेस (आत लोखंडी गाभा नसलेल्या) मोटारी, एका सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी, पात्यांभोवती प्लॅस्टिकची कडी. जीपीएस नाही. बागायतदारांना हे सुरुवातीला कमीपणाचं वाटतं, पण त्यामागे कारण आहे. जीपीएसवाला ड्रोन हात सोडले तरी जागेवर थांबतो, त्यामुळे शिकणाऱ्याला वाटतं, आपल्याला जमलं. आणि मग एखाद्या दिवशी दाट झाडांच्या किंवा उंच इमारतीच्या आडोशाला उपग्रहांचा संपर्क तुटतो आणि ड्रोन वाऱ्याबरोबर वाहत सुटतो. तेव्हा विचार करायला वेळ नसतो. बोटांना आपोआप सुचलं पाहिजे, आणि ते सुचतं छोट्या ड्रोनवर तासन्‌तास हात बसलेला असेल तरच.

पहिल्या दिवशी आमच्याकडे कुणी ड्रोन उडवत नाही. टेबलावर बसतो. चारही पाती काढायची आणि पुन्हा बसवायची. कर्णावर समोरासमोर असलेल्या दोन मोटारी एका दिशेने फिरतात, उरलेल्या दोन उलट दिशेने. चारही एकाच दिशेने फिरल्या असत्या तर ड्रोनचं अंगच उलट्या बाजूला गरगरत राहिलं असतं. म्हणून पातीही दोन प्रकारची असतात, त्यांवर ए आणि बी अशी बारीक अक्षरं असतात. ती अक्षरं चष्मा लावूनही नीट दिसत नाहीत, आणि घासून गेली की अजिबातच नाहीत. म्हणून आम्ही बोटाने ओळखायला शिकवतो : पात्याची एक कड वर असते, एक खाली. वरची कड ज्या दिशेला, त्या दिशेने ते पातं फिरलं पाहिजे. डोळे मिटून चारही पाती बरोबर लावता आली की पुढे जायचं. एक जरी उलटं बसलं तरी तो कोपरा उचलण्याऐवजी खाली दाबला जातो आणि ड्रोन उडायच्या आधीच पालथा होतो. मोटारीच्या दांड्याला गुंडाळलेला केस किंवा सतरंजीचा धागाही याच वेळी चिमट्याने काढायचा. त्या एका केसाने मोटार तापते आणि चार-दोन उड्डाणांत जळून जाते.

त्यानंतर बॅटरी. एका सेलची बॅटरी पूर्ण भरली की ४.२ व्होल्ट दाखवते. साडेतीनच्या आसपास आली की उतरायचं, आणि काही दिवस उडवायचं नसेल तर ३.८ च्या आसपास ठेवून द्यायची. भरलेली तशीच कपाटात ठेवली तर लवकर खराब होते, पार रिकामी ठेवली तर पुन्हा नीट भरत नाही. उड्डाणानंतर गरम असलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही. फुगलेली असेल तर टोचून वगैरे बघायचं नाही, ती सरळ बाजूला काढायची. आमच्याकडे चार्जिंग कडप्प्याच्या ओट्यावर होतं, आजूबाजूला कागद नाही, कापड नाही, आणि समोर माणूस बसलेला असतो. रात्री चार्जिंगला लावून झोपायचं नाही. हे आम्ही पालकांच्या तोंडून वदवून घेतो, कारण घरी मुलांपेक्षा तेच हे करतात. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत बॅटरी ठेवू नका, हेही दर बॅचला सांगतो.

मग क्रम. डावी स्टिक पूर्ण खाली, आधी रिमोट चालू, नंतर ड्रोन. बंद करताना उलट : आधी ड्रोन, मग रिमोट. ड्रोन चालू असताना रिमोट बंद, अशी वेळ येऊच द्यायची नाही. ड्रोन सपाट जागी ठेवून जायरो, म्हणजे तोल सांभाळणारा सेन्सर, कॅलिब्रेट करायचा, दिवे लुकलुकायचे थांबेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. ‘सपाट’ हे आत बसवलेल्या सेन्सरला आपणच दाखवत असतो. तिरक्या जागी दाखवलं तर हवेत गेल्यावर तो तिरकेपणालाच सपाट धरतो आणि एका बाजूला सरकत राहतो. नवीन माणसाला वाटतं वारा आहे, नाहीतर माल खराब आहे.

धंद्याला जागेची अडचण मोठी होती. लासलगाव-निफाडच्या माळावर सकाळी हवा पडलेली असते, पण दहा-साडेदहानंतर वारं सुटतं, उन्हाळ्यात दुपारी वावटळी उठतात. शंभर ग्रॅमच्या ड्रोनला एवढंही झेपत नाही. पावसाळ्यात तर बाहेरचं कामच बंद. तेव्हा मंगल कार्यालयाचा विचार सुचला. २०२१ च्या पावसाळ्यात, करोनामुळे कार्यालयं ओस पडलेली असताना, जवळच्या एका कार्यालयाच्या मालकांनी हॉल अगदी माफक भाड्याने दिला. तो सिलसिला आजही चालू आहे. चातुर्मासात मुहूर्त नसतात, त्यांचा हॉल रिकामा असतो आणि आमच्या बॅचा त्याच वेळी भरतात. छत उंच, वारं नाही, पंखे बंद ठेवले की झालं. गुळगुळीत चकचकीत फरशीची मात्र अडचण आली. आमच्या काही ड्रोनना खाली बघणारा छोटा कॅमेरा असतो, जमिनीवरच्या खुणा बघून तो ड्रोनला जागेवर धरतो. एकसारख्या चमकत्या फरशीवर त्याला धरायला खूणच मिळत नाही. आम्ही घरातून गोधड्या आणून अंथरल्या. वेगवेगळ्या लुगड्यांचे तुकडे जोडलेली गोधडी त्या कॅमेऱ्याला फार मानवते. आता आमच्या साहित्याच्या यादीत गोधड्या कायमच्या आहेत, आणि त्या शिवणाऱ्या गावातल्या आजींना दरवर्षी नवीन मागणी जाते.

पहिलं उड्डाण म्हणजे नुसतं वर जाणं आणि थांबणं. भीतीपोटी सगळे जण ड्रोन जमिनीपासून वीतभरच उचलतात, आणि नेमका तिथेच तो सर्वात जास्त डगमगतो, कारण पात्यांनी खाली ढकललेली हवा जमिनीवर आदळून त्याच्याच पोटाखाली घोळत राहते. म्हणून आम्ही सांगतो, उचलायचा तर छातीइतका उचला. काहीही लागलं, भिंत, पडदा, खुर्ची, की थ्रॉटल, म्हणजे ड्रोन वर-खाली करणारी डावी स्टिक, लगेच शून्यावर. ड्रोन पडला तर पडू द्या, हात पुढे करून झेलू नका. हे शेवटचं सांगणं अंगवळणी पडायला सर्वात जास्त वेळ लागतो. वस्तू पडताना दिसली की हात पुढे जाणं माणसाच्या रक्तातच आहे. पुढे कधी पंचवीस किलोचा फवारणी ड्रोन समोर असेल तेव्हा ती सवय मोडलेलीच असायला हवी.

त्यानंतरचा खरा घाट म्हणजे ड्रोनचं तोंड आपल्याकडे वळवून उडवणं. शेपूट आपल्याकडे असेपर्यंत डावं ते डावं, उजवं ते उजवं. तोंड फिरलं की सगळं उलटं. इथे बागायतदार पोरांपेक्षा लवकर शिकतात असा आमचा अनुभव आहे, कारण ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवायची सवय त्यांच्या हाताला असते. बऱ्याच छोट्या ड्रोनमध्ये ‘हेडलेस’ नावाचं बटण असतं, ते दाबलं की तोंड कुठेही असो, स्टिक आपण ज्या बाजूला ढकलू त्याच बाजूला ड्रोन जातो. ते बटण आम्ही शिकवण्याच्या काळात वापरू देत नाही. चौकोन, वर्तुळ, मग इंग्रजी आठाचा आकडा, हे सगळं हेडलेसशिवाय सलग जमलं की मगच बाहेर माळावर.

बाहेर नेल्यावर येवल्याच्या मुलांनी आम्हाला चकित केलं. येवल्यात संक्रांत म्हणजे पतंग. लहानपणापासून आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, हातात घेऊन गच्चीवर उभं राहिलेलं पोर वारा कुठून येतोय हे मान वर न करता सांगतं, खालचा वारा वेगळा आणि वरचा वेगळा हे त्याला शिकवावं लागत नाही. आमच्या पुण्या-मुंबईहून सुट्टीत आलेल्या विद्यार्थ्यांना जे समजावायला दोन सत्रं जातात, ते या मुलांना आधीच येतं. उलट संक्रांतीच्या आठवड्यात आम्ही बाहेरचे वर्ग पूर्ण बंद ठेवतो. मांजा पात्यात गेला की ड्रोन दगडासारखा खाली येतो, आणि खाली माणसं असतात.

नियमांच्या बाबतीत नाशिक जिल्ह्यात राहून ढिलाई करणं शक्यच नाही. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र, गांधीनगरला लष्कराचं हवाई प्रशिक्षण, ओझरला एचएएलचा विमानांचा कारखाना आणि विमानतळ, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. नाशिकहून येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी त्याचं घर नकाशावर शोधायला लावतो. केंद्र सरकारचे ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ ला आले, त्यानंतर डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे बघता येतात. हिरव्यात साधारणपणे ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी, लाल म्हणजे केंद्राची परवानगी असल्याशिवाय नाहीच. शिवाय पोलीस तात्पुरता लाल पट्टाही जाहीर करू शकतात, एका वेळी ९६ तासांपर्यंत. म्हणून काल हिरवं होतं म्हणून आज उडवायचं नाही, निघण्याआधी पुन्हा बघायचं. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण म्हणून तो कुठेही उडवता येतो असं नाही. पट्ट्यांचे नियम त्यालाही आहेत.

आमच्या दुकानात पाटी आहे : इथे पायलटचं सरकारी प्रमाणपत्र मिळत नाही. ते डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेल्या प्रशिक्षण संस्थाच देतात, त्यासाठी वय १८ ते ६५ आणि दहावी पास ही अट आहे. आम्ही त्याच्या आधीचं शिकवतो. एका कार्यक्रम-आयोजकाने त्यांच्या मुलांना दोन दिवसांत तयार करून ‘सर्टिफिकेट’ द्या अशी मागणी केली होती, रक्कमही चांगली होती. आम्ही नाही म्हटलं. त्या मुलांना वरातीवर ड्रोन उडवायचे होते, खाली घोड्यापासून बँडपर्यंत सगळा गाव. आमच्या नावाचा कागद दाखवून कुणी गर्दीवर ड्रोन नेलेला आम्हाला चालणार नाही.

व्यवसायाला सर्वात मोठा धक्का बसला तो ९ फेब्रुवारी २०२२ नंतर. परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली आणि शिकवण्यासाठी आम्ही घेत होतो ते छोटे ड्रोन बाजारातून मिळेनासे झाले. सुट्या भागांना मात्र बंदी नव्हती. आम्ही मुळात दुरुस्तीवाले, सोल्डरिंग हातातलं. मोटारी, फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा मेंदू असलेलं सर्किट), फ्रेम वेगवेगळं मागवून आम्ही दुकानातच जुळवणी सुरू केली. आता विद्यार्थी स्वतःचा ड्रोन स्वतः जोडतो. तारेचा रंग उलटा लागला तर मोटार उलटी फिरते, हे त्याने स्वतः बघितलेलं असतं. आपण जोडलेली वस्तू माणूस जपून वापरतो, हा आम्हाला झालेला अनपेक्षित फायदा.

गेल्या काही काळात बचत गटांच्या महिला येऊ लागल्या आहेत. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत देशभरातल्या १५,००० गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचे ठरले, किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख अनुदान. निवड झालेल्या ताईंना मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण मिळतंच. पण तिथे पहिल्यांदाच रिमोट हातात घेण्यापेक्षा आधी हात बसलेला असावा, म्हणून त्या आमच्याकडे येतात. त्यांच्यासाठी आम्ही दुपारी बाराची बॅच ठेवली, घरचं आणि शेतातलं उरकून येता यावं म्हणून. ओढणी आणि पदर खोचून घेणं, केस बांधणं, बांगड्या मागे सारणं हे या बॅचमध्ये पाती लावण्याइतकंच महत्त्वाचं. यातल्या एक ताई आता आमच्याकडे शिकवतात. बॅटरीच्या नोंदवहीची शिस्त त्यांनी लावली : प्रत्येक बॅटरीला क्रमांक, कधी भरली, किती वेळ चालली, फुगवटा आहे का. एखादी बॅटरी सात मिनिटांवरून पाचवर आली की वहीत लगेच दिसतं आणि ती शिकणाऱ्याच्या हातात जातच नाही.

यंदाच्या हिवाळ्याच्या बॅचा दिवाळीनंतर सुरू होतील, सकाळी साडेसात ते साडेनऊ, वारं सुटायच्या आत. दहा वर्षांखालच्या मुलांसोबत घरचं कुणीतरी मोठं माणूस पूर्ण वेळ हवं. स्वतःचा ड्रोन असेल तर जरूर आणा, पण पाती काढून आणि बॅटरी वेगळ्या पिशवीत.