तोडणीला वार नसतो

घरामागच्या चार वाफ्यांत भाज्या लावल्या तेव्हा माझी सगळी धास्ती उगवण्याची होती. ती फुकट गेली. आठवड्याच्या आत घेवड्याने मातीला तडा देऊन मान वर काढली, काकडीचे वेल काठ्यांना बिलगले, टोमॅटोची रोपं तर बघता बघता कमरेला लागली. खरी परीक्षा अडीच महिन्यांनी आली. एकाच रविवारी अकरा किलो टोमॅटो, टोपलीभर घेवडा आणि पानांआड लपून मनगटाएवढ्या जाड झालेल्या काकड्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर येऊन पडल्या. घरात खाणारी माणसं तीन.

त्या रविवारी रात्री साडेअकरापर्यंत मी चिरत, उकळत, गाळत होते. त्यातलं निम्म्याहून जास्त पुढे फेकावं लागलं. ते का, हे कळायला मला दोन हंगाम लागले. म्हणून लिहून ठेवते आहे.

आधी वाफ्यांबद्दल. पहिल्या वर्षी मी पाणी आठवेल तसं घालत असे. तीन दिवस विसरायचं आणि चौथ्या दिवशी अपराधी वाटून वाफा बुडवायचा, असा कारभार. मग टोमॅटोचं बूड काळं पडायला लागलं. फळ वरून झकास, लालीला लागलेलं. उलटं केलं की खाली नाण्याएवढा चपटा, चामड्यासारखा डाग. मला वाटलं रोग आला. दोनदा फवारणी केली. काही उपयोग नाही, कारण तो रोग नव्हताच. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नव्हतं, आणि कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं. मातीत ते भरपूर होतं, पण माझं पाणीच एक दिवस आड नाही, तीन दिवस आड! मुळाशी चार बोटं सुक्या पानांचं आच्छादन घातलं आणि रोज सकाळी मातीत बोट खुपसून, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच पाणी द्यायचं ठरवलं. जे डागाळले होते ते डागाळलेलेच राहिले, पण पुढचे घोस स्वच्छ आले.

हे सकाळचं बोट खुपसणं मला फार कामाला आलं. त्या निमित्ताने मी रोज वाफ्यात जाऊ लागले. रोज गेलं की मावा पानाच्या पाठीमागे पाच-पंचवीस असतानाच दिसतो आणि अंगठ्याने चिरडता येतो. आठवड्याने गेलं की अख्खं पान चिकट आणि मुंग्यांची रांग लागलेली. भोपळ्याचंही तसंच. फुलं येत होती आणि बोटभर फळं पिवळी पडून गळत होती. नर फूल कुठलं, मादी कुठलं, हे मी तोवर निरखलंच नव्हतं. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, नराला नुसता लांब देठ. सकाळी फुलं उघडी असताना नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून मधला पिवळा भाग मादी फुलात फिरवला. तीन दिवसांनी देठ हिरवागार आणि फळ सुपारीचं लिंबाएवढं. स्वतःवर इतकी खूश मी क्वचितच झाले असेन.

पण ज्याने माझं गणित बदललं तो घेवडा. मी शेंगा रविवारी तोडत असे, कारण सुट्टी रविवारी. तोवर शेंगांत दाणे फुगलेले, कडेला दोरा धरलेला. तिसऱ्या रविवारी झाडांवर फूलच दिसेना. झाडाच्या बाजूने विचार केला तर सरळ आहे: त्याला बी करायचं असतं. बी तयार झालं की काम संपलं, मग नवीन फुलं कशाला काढायची? कोवळी शेंग तोडत राहिलं तर ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. मी एका दुपारी सगळ्या जून शेंगा ओरबाडून काढल्या. पानांखाली दडलेली एक म्हातारी, पिवळीधमक काकडीही वेलावरून उतरवली. दहा-बारा दिवसांत दोन्हींवर पुन्हा कळ्या. तेव्हापासून घेवडा आणि काकडी एक दिवस आड तोडायची, वार कुठला का असेना.

आता टिकवण्याकडे येते. इथे माझी फजिती जास्त झाली.

घेवडा मी पहिल्या वर्षी धुतला, मोडला, पिशवीत भरला आणि फ्रीझरमध्ये ढकलला. दोन महिन्यांनी शिजवला तर चव वाळल्या गवताची. गोठवल्याने भाजीतली विकरं (एन्झाइम) मरत नाहीत, फक्त त्यांचं काम मंदावतं. ती हळूहळू रंग आणि चव खातच राहतात. त्यांना थांबवायला उकळत्या पाण्याचा चटका लागतो: घेवड्याला ३ मिनिटं, मटारच्या दाण्यांना दीड, पालकाला २. आणि तेवढाच वेळ लगेच बर्फाच्या पाण्यात, नाहीतर आतल्या उष्णतेने भाजी शिजतच राहते. वेळ पाण्याला पुन्हा उकळी फुटल्यापासून मोजायची, आणि लहान पातेल्यात किलोभर शेंगा एकदम टाकायच्या नाहीत, कारण मग उकळी फुटायलाच पाच मिनिटं जातात. गार झाल्यावर फडक्यावर पसरून कोरड्या करायच्या, ताटात सुट्या गोठवायच्या आणि मगच पिशवीत भरायच्या. ही ताटाची पायरी मी कंटाळून एकदा गाळली. नंतर ती वीट सांडशीने फोडत बसले.

टोमॅटोची गोष्ट जास्त गंभीर. त्या रविवारी मी टोमॅटो, कांदा, ढोबळी मिरची आणि उरलेला घेवडा एकत्र उकळून रस्सा केला, गरमागरम बरण्यांत भरला, झाकणं आवळली आणि फळीवर मांडून ठेवल्या. नऊ बरण्या. आई आली होती, तिने एक बरणी हातात घेऊन फिरवली आणि म्हणाली, "अगं, यात आंबट काय घातलंयस?"

"टोमॅटो आहेत की, आई."

"आणि बाकीचं?"

मी तेव्हा हसण्यावारी नेलं. तीन आठवड्यांनी दोन झाकणं वर फुगली होती.

शोधून वाचलं तेव्हा पोटात गोळा आला. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू मातीत असतात, म्हणजे आपल्या प्रत्येक भाजीवर असू शकतात. ते पाण्याच्या उकळीला, १०० अंशांना, मरत नाहीत. त्यासाठी दाबाखाली ११६ अंशांच्या आसपास तापमान लागतं. हवाबंद, कमी आंबट आणि खोलीच्या तापमानाची जागा मिळाली की ते जागे होतात आणि विष तयार करतात. मी त्यांना नेमकी तशीच जागा भरून दिली होती. सीमारेषा आहे पीएच ४.६. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट. त्याहून आंबट असेल तर ते वाढत नाहीत. टोमॅटो बरोबर या रेषेवर घोटाळतात, काही जाती खाली, काही वर, आणि कांदा, मिरची, घेवडा त्यांना आणखी वर ढकलतात. विषाला वास किंवा चव असेलच असं नाही, त्यामुळे न फुगलेल्या सात बरण्याही मी चाखून बघितल्या नाहीत. सगळ्या नऊ न उघडता पिशव्यांत बांधून टाकून दिल्या. हात थरथरत होते हे कबूल करते.

नियम नंतर कळला: नुसत्या ठेचलेल्या टोमॅटोच्या साधारण एक लिटरच्या बरणीत दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबाचा रस, मग बरणी पाण्यात पूर्ण बुडवून ४५ मिनिटं उकळायची, आणि हे समुद्रसपाटीजवळ. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून वेळ वाढवावी लागते. रस बाटलीतला अशासाठी, की त्याचा आंबटपणा ठरलेला असतो. झाडावरच्या लिंबाचा नसतो. बरण्या उकळून अन्न टिकवायची युक्ती निकोला अपेर या फ्रेंच माणसाने शोधली आणि १८१० मध्ये त्याला १२,००० फ्रँकचं बक्षीस मिळालं. अन्न का टिकतं हे मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं, ते पाश्चरच्या कामानंतर, अर्ध्या शतकाने उलगडलं. मला कारण वाचायला मिळत होतं आणि मी वाचलं नव्हतं, एवढाच आमच्यात फरक.

आता मी बरण्या उकळतच नाही. टोमॅटो पिकतील तसे, रोजचे चार-सहा, धुऊन, पुसून, देठाचा भाग काढून अख्खेच फ्रीझरच्या पिशवीत टाकते. दगडासारखे होतात. वापरायच्या वेळी नळाखाली धरले की साल मोज्यासारखी निघून येते, टोमॅटो सोलायचं सगळं झंझट संपलं. गर पाणचट होतो खरा, कोशिंबिरीच्या कामाचा राहत नाही, पण शिजवायला उत्तम.

टोमॅटो वाळवण्यातही एकदा तोंडघशी पडले. घाई म्हणून ओव्हन खूप गरम ठेवला. चकत्या बाहेरून कडक झाल्या, आत ओल तशीच कोंडली आणि बरणीत बुरशी धरली. आता ५७ ते ६० अंश, चकत्या सारख्या जाडीच्या, आणि वेळ लागेल तेवढा. किलोभर टोमॅटोतून साठ-सत्तर ग्रॅम हाती येतात. बाकी सगळं पाणीच होतं, हे पहिल्यांदा बघून फसवल्यासारखं वाटतं. वाळलेल्या चकत्या लगेच साठवायच्या नाहीत. बरणी दोन तृतीयांश भरून आठ-दहा दिवस रोज हलवायची. काचेवर दव दिसलं तर पुन्हा वाळवायच्या. थोड्या जास्त ओल्या चकत्यांची ओल कोरड्या चकत्या शोषून घेतात आणि सगळ्या एका पातळीवर येतात.

काकड्या मात्र मिठाच्या पाण्यात छान आंबतात, आणि यात मला खरी गोडी लागली. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम मीठ, वजन करून. चमच्याच्या मापाने मी दोनदा फसले: बारीक मिठाचा चमचा जाड्या मिठाच्या चमच्याहून जड असतो. पहिल्या खेपेच्या काकड्या गिळगिळीत झाल्या होत्या. कारण फुलाकडचं टोक. तिथे पेशींच्या भिंती मऊ करणारी विकरं असतात. ते टोक दोन मिलिमीटर कापलं की काकडी करकरीत राहते. देठाकडचं नव्हे, दुसरं. वर एक लहान वजनी ताटली, म्हणजे काकडी पाण्याखाली दबलेली राहते. तिसऱ्या दिवशी बुडबुडे दिसतात, पाणी ढगाळ होतं, बरणी कानाशी नेली तर बारीक सूं ऐकू येतं. पृष्ठभागावर पांढरा सपाट पापुद्रा आला तर काढून टाकते. रंगीत, केसाळ बुरशी आली तर सगळंच फेकते, जीव तुटला तरी.

कोबीला वेगळं पाणी लागत नाही. किलोला २० ते २५ ग्रॅम मीठ चोळलं की त्याचंच पाणी सुटतं.

आताचा माझा दिवस असा असतो: सकाळी पंधरा मिनिटं वाफ्यात, बोट मातीत, कात्री खिशात. संध्याकाळी त्या दिवसाची तोडणी त्याच दिवशी मार्गी. आज सात शेंगा आल्या तर त्या भाजीत जातात. अर्धा किलो आल्या तर स्वयंपाकासाठी पाणी उकळतच असतं, त्याच्या आधी चटका देऊन होतात. वीस मिनिटांच्या वर काम जात नाही. रविवारी मी झोपते.

आणि चिठ्ठी. भाजीचं नाव, तारीख, पेन्सिलीने, कारण शाई फ्रीझरमध्ये पसरते. आज फ्रीझर आवरला तेव्हा तळाशी एक डबा निघाला, चिठ्ठी नाही, आत काहीतरी लालभडक. मिरची की टोमॅटोचा गर, बर्फाखालून कळत नाही. ओट्यावर वितळत ठेवला आहे.