अभंगाची वही: कपाळी बुक्का, बोटाला शाई

विषय तोच धरून आहे, आजची श्रद्धा आणि आपला देश. आषाढीपासून अकरा अभंग लिहून झाले, ठेवावेत असे चारच निघाले. छंद मोठ्या अभंगाचा: सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक.

बाकीचे सात एकाच जागी बिघडले. देशाचं नाव आलं की ओळीची घोषणा व्हायची. 'राष्ट्र' मोजायला दोनच अक्षरं, पण टाळावर म्हणून बघा; 'ष्ट्र'वर जीभ अडते आणि ठेका पुढे निघून जातो. आमच्या भजनात पखवाजाला बसणारे काका ऐकून म्हणाले, "जयजयकार झाला. देवाशी बोलणं कुठंय यात?" फार लागलं, कारण खरं होतं.

मग रोज पसायदान म्हणायला लागलो. सगळं मागणंच आहे ते, आणि त्यात कुठल्याच देशाचं नाव नाही. तुकडोजी महाराजांची ग्रामगीताही पुन्हा काढली. ४१ अध्याय, ओवीत, आणि देश येतो तो गावाच्या रूपानं, स्वच्छतेपासून प्रार्थनेपर्यंत. ना. वा. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण अभंग सोडला नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान घरातले आणि वारकऱ्यांचे संत. या भूमीत कोण आपलं, याचं उत्तर आपल्या छंदानं कधीच देऊन ठेवलंय, असं मला मनापासून वाटतं.

२०२४ च्या नोव्हेंबरात कार्तिकी १२ तारखेला होती आणि विधानसभेचं मतदान २० ला. त्या दिवशी मतदान करून तसाच संध्याकाळी कीर्तनाला गेलो. बुक्का लावून घेताना हात जोडले, तर नखावरची शाईची रेघ समोर. दोन्ही काळं, दोन्ही रांगेत उभं राहून मिळालेलं. ते तेव्हापासून मनात होतं, ओळ मात्र परवा पहाटे आली:

कपाळास बुक्का । बोटावरी शाई ।
दोन्ही माझी आई । ओळखते ॥

'आई' म्हणजे विठाई की भूमी, ते मुद्दाम उकललेलं नाही. काकांनी दोनदा म्हणायला लावलं आणि तिसऱ्यांदा स्वतःच ठेका धरला.

पुढचं कडवं अडलंय. 'संविधान' बरोब्बर चार अक्षरी, शेवटच्या चरणात चपखल बसतं:

गाथेवर हात । ठेवून मी बोले ।
मनी उघडले । संविधान ॥

अक्षरं जुळली, यमकही आलं, पण इथे मी सांगतोय, मागत नाही. शब्द सोडवत नाही, कारण समतेचं मागणं संतांचंही आहे आणि त्या ग्रंथाचंही. मधले दोन चरण मोडून पुन्हा लिहितोय. एकादशीच्या भजनाआधी म्हणून बघणार आहे. तुमच्यापैकी कुणी चार अक्षरांचा जड शब्द शेवटच्या चरणात हलका केला असेल, तर ओळ जरूर कळवा.