माणदेशातून महाबळेश्वरला : एका क्षेत्रभेटीचा माझा अनुभव

दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. बऱ्याच शाळांत तो वर्गात बसूनच ‘होतो’. प्रश्नावली फळ्यावर लिहायची, अहवाल गाईडमधून उतरवायचा, मार्क द्यायचे, विषय संपला. कुणाला दोष देत नाही. भूगोलाचा लेखी पेपर ४० मार्कांचा, आणि त्यातही पालकांचं सगळं लक्ष गणित-विज्ञानाकडे. २०२० साली कोरोनामुळे दहावीचा नेमका भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवर मुलांना मार्क दिले गेले. त्या वेळी आमच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी सहज बोलून गेलं, ‘भूगोलावाचून कुणाचं काही अडलं नाही बघा.’ ते मला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

मी माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. आमच्याकडे वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्याच सातारा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला महाबळेश्वर, तिथे सहा हजारांच्या घरात. पर्जन्यछायेचा प्रदेश, म्हणजे डोंगराआड आल्यामुळे कमी पाऊस पडणारा भाग, समजावून सांगायला याहून चांगलं उदाहरण देशात शोधूनही सापडणं अवघड, आणि आमच्या मुलांनी ते फक्त आकृतीत पाहिलेलं. तेव्हा सहल काढायची तर तिकडेच, आणि ती क्षेत्रभेट म्हणून, असं ठरवलं. शाळेत वॉटर पार्कचा प्रस्ताव आधीच फिरत होता, त्यामुळे सुरुवातीला मुलांचे चेहरे पडले.

सहलीला अजून अवकाश होता. जून सुरू होताच आधी पर्जन्यमापक केला. सरळ कडांची मोठी प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा नरसाळ्यासारखा बसवायचा. बुडाशी खडी टाकून तिच्यावर येईल इतकं पाणी ओतायचं आणि तिथे शून्याची खूण करायची, म्हणजे बुडाचा खोलगटपणा आड येत नाही. पट्टी चिकटवली की काम झालं. भिंत आणि झाडापासून लांब, पटांगणाच्या मोकळ्या कोपऱ्यात विटांमध्ये ती रोवली. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं, म्हणून आमचीही वेळ तीच. रविवारची जबाबदारी शाळेशेजारच्या वस्तीवरच्या दोघी बहिणींनी मागून घेतली.

जुलैभर आमच्या वहीत शून्य, शून्य, दोन, शून्य. आमच्याकडे जुलैत वारा सुटतो आणि भुरभुर होते, खरा पाऊस परतीचा, सप्टेंबरात. शेजारच्या रकान्यात मुलं पेपरातला महाबळेश्वरचा आकडा लिहीत होती. तिथे पावसाळ्यात एका दिवसात २०० मिलिमीटर पडणं काही नवलाचं नाही. असाच एक आकडा उतरवताना नववीतला एक मुलगा थबकला. त्याने आमच्या वहीची पानं उलटून बेरीज केली आणि म्हणाला, ‘मॅडम, त्यांच्या एका दिवसात आपलं दोन महिन्यांचं बसतंय.’ तेव्हापासून वॉटर पार्कचं नाव मागे पडलं.

समोच्च रेषांनी, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांनी, मात्र दमवलं. फळ्यावर एकात एक वेडीवाकडी वर्तुळं काढायची आणि हा डोंगर आहे म्हणून सांगायचं. मुलं माना डोलावतात, कळलेलं काही नसतं. आमच्या गावाने पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपच्या वेळी श्रमदान केलं होतं. शाळेमागच्या डोंगरावर त्या वेळचे सलग समतल चर, म्हणजे पावसाचं पाणी अडवायला एकाच पातळीवर खणलेले लांब चर, अजून आहेत. गावात सगळे त्यांना सीसीटी म्हणतात. एका शनिवारी वर्ग तिकडे नेला. सोबत ए-फ्रेम होती. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वर एकत्र बांधायच्या, मध्ये आडवी पट्टी, आणि शेंड्यापासून दगड बांधलेली दोरी सोडायची. दोरी पट्टीवरच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एकाच पातळीवर. मधली खूण नेमकी कशी काढायची, तर एकदा दोरी जिथे येईल तिथे रेघ मारायची, दोन्ही पायांची जागा अदलाबदल करून पुन्हा रेघ मारायची, आणि दोन रेघांचा मध्य धरायचा. हे मला दहावीतल्या एका मुलीने शिकवलं. ती लहानपणी आईबरोबर श्रमदानाला गेली होती. ए-फ्रेमचे पाय चराच्या कडेने टाकत मुलं डोंगराला वळसा घालून गेली. वळणावर तीच मुलगी ओरडली, ‘मॅडम, हा चर म्हणजेच ती पुस्तकातली रेषा की! आमच्या आबांनी खणलीया!’ खालून वरपर्यंत एकावर एक चर दिसत होते. चढ जास्त तिथे ते जवळजवळ आलेले, सपाटीला लांब गेलेले. फळ्यावर मला जे जमलं नव्हतं ते तासाभरात उरकलं.

त्यानंतर नकाशा हातात दिला. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे त्यांच्या पोर्टलवर नोंदणी करून विनामूल्य उतरवून घेता येतात. साताऱ्यातून रंगीत प्रत काढून आणली. रंगीतच हवी, कारण तपकिरी रेषा काळ्या-पांढऱ्यात रस्त्यांत मिसळून जातात. या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये उंचीचा फरक २० मीटरचा. वाई ते पाचगणी हा चढ साधारण सहाशे मीटरचा, म्हणजे पसरणी घाटात तीसेक रेषा ओलांडायच्या. त्या मोजायच्या कामावर एक गट दोन तास डोकं घालून बसला होता.

परवानगीचं फार लांबवत नाही. मुख्याध्यापकांचं पत्र, मुलांची यादी, प्रवासाचा मार्ग, सोबतचे शिक्षक आणि शिक्षिका, पालकांची संमतीपत्रं, प्रथमोपचार पेटी, हे सगळं जोडून फाईल शिक्षणाधिकारी कार्यालयात. शालेय सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, पण हंगामात आगारातून हवी ती तारीख मिळत नाही. आमची एकदा बदलली. खरी अडचण पैशांची होती. काही घरांना निम्मं भाडंही जड होतं. माजी विद्यार्थ्यांनी भार उचलला, आणि कुणाचे पैसे कुणी भरले हे वर्गात कळू दिलं नाही. प्रश्नावलीच्या बाबतीत मात्र मी पुस्तकाची वाट सोडली. छापील वीस प्रश्न सगळ्यांनी उतरवायचे, यात कुणालाच गोडी नसते. प्रत्येकाने आपला एकच प्रश्न न्यायचा आणि त्याचं उत्तर घेऊनच परत यायचं, एवढीच अट घातली.

पहाटे अंधारात निघालो. पुसेगाव, वर्धनगडचा घाट, कोरेगाव, सातारा, वाई. खिडकीतून पीक बदलताना दिसत होतं: ज्वारी, मग ऊस, वाईजवळ हळद. पसरणी घाटात रेषावाला गट माझ्या फोनवर उंची बघून वीस-वीस मीटरला मोठ्याने आकडा पुकारत होता. कंडक्टरही शेवटी त्यांच्यात सामील झाले.

पाचगणीच्या टेबल लँडवर घोडेवाले आणि गाइड ‘आशियातलं दुसऱ्या नंबरचं पठार’ असं छातीठोकपणे सांगतात. ते मी वहीत लिहू दिलं नाही. त्याऐवजी खाली बसून जांभ्यावर हात फिरवायला सांगितलं. घरी सगळा काळा पाषाण पाहिलेली मुलं. हा तांबडा, भोकाभोकांचा दगड त्यांना दगडच वाटेना. एकाने बाटलीतलं पाणी त्यावर ओतून पाहिलं, ते भोकांत शिरून दिसेनासं झालं. भरपूर पावसाने खडकातली सिलिका धुऊन जाते आणि लोह, ॲल्युमिनियम मागे उरतं, म्हणून तो असा. हे वाक्य पुस्तकातलंच, पण त्या दिवशी कुणी पाठ केलं नाही.

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात एका गटाने नद्यांची वाटणी केली. कृष्णा, कोयना, वेण्णा आणि गायत्री एका बाजूला, सावित्री दुसऱ्या. ऑर्थर सीटवरून सावित्रीची दरी पाहिली. ती पश्चिमेला उतरून बाणकोटला अरबी समुद्र गाठते, आणि कृष्णा अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात जाते. ‘मग आपल्या माणगंगेचं काय?’ हा एका मुलाचा वहीतला प्रश्न होता. माण भीमेला मिळते आणि भीमा रायचूरजवळ कृष्णेला. म्हणजे आपलं जे काही थोडंथोडकं पाणी, ते या पाण्याला कर्नाटकात जाऊन भेटतं. त्याने नकाशावर बोटाने तो सगळा रस्ता चालून बघितला, दोनदा.

दिवसातली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र एका स्ट्रॉबेरीच्या शेतात घडली. आमची मुलं शेतकऱ्यांचीच, त्यामुळे लाजणं वगैरे काही नाही. रोपं कुठनं आणता, ठिबक किती वेळ चालवता, दर कोण ठरवतं. मग एकीने विचारलं, ‘काका, तुम्हाला पाण्याचं टेन्शन नसंल?’ ते हसले. म्हणाले, ‘बाळा, एप्रिल-मेमध्ये ये. वरच्या वाड्यांना पाण्यासाठी वणवण असते.’ मुलांना हे पटेचना. सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि टंचाई? त्यांनी समोरचा उतार दाखवला: चार महिन्यांत सगळं पडतं आणि इथून धावत खाली जातं, थांबायला जागा कुठाय. मुलं क्षणभर गप्प, आणि मग माझी ए-फ्रेमवाली पुढे होऊन म्हणाली, ‘मग तुम्ही सीसीटी काढत नाही का?’ पुढचा पाऊण तास ती त्यांना चर कसे आखायचे ते मातीत रेघा ओढून सांगत होती आणि ते खरोखर ऐकत होते. बोटिंग त्यापायी राहिलं. कुरकुर झाली, नाही असं नाही.

अहवाल प्रत्येकाने आपापल्या प्रश्नाचा लिहिला. काही दीड पानांचे, काहींना पुरवण्या लागल्या. अंतर्गत मूल्यमापनाला तेच धरले. १४ जानेवारीला भूगोल दिन असतो, भूगोलतज्ज्ञ सी. डी. देशपांडे यांच्या जन्मदिनी. त्या दिवशी नकाशा, जांभ्याच्या दगडाची चित्रं आणि पावसाची वही असं सगळं व्हरांड्यात मांडलं. पालक हळदीकुंकवाच्या गडबडीतूनही आले. पावसाच्या वहीपाशी सगळ्यात जास्त वेळ थांबले ते म्हातारे लोक. ‘बहात्तरच्या दुष्काळात अशी वही पाहिजे होती,’ असं एक आजोबा म्हणाले.

कुणाला असं काही करायचं असेल तर दोन गोष्टी सांगते. फाईल दिवाळीच्या सुट्टीआधी कार्यालयात पोहोचू द्या आणि गाडीसाठी आगारात दोन पर्यायी तारखा देऊन ठेवा, डिसेंबर-जानेवारीत सगळ्या शाळा एकदमच निघतात. आणि पर्जन्यमापकाच्या बाटल्या दोन करा; आमची पहिली बाटली वानरांनी पळवली.