तुम्ही विचारलंत म्हणून: पीच लावू, प्लम लावू की चेरी?

घरामागे थोडी जागा आहे, पीच, प्लम, जर्दाळू, चेरी यातलं कुठलं झाड लावू, हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो की आता एकदाच बसून लिहून टाकते. विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा फोन असतो आणि फोनवर लालभडक चेरीच्या घोसाचा फोटो. म्हणजे खरं तर ठरलेलं असतं, माझ्याकडून फक्त हो हवा असतो.

मीही अशीच फसलेय. पहिलं झाड आणलं ते चेरीचं, लेबलवर लिहिलं होतं बिंग, फळं काळपट लाल, मला अजून काय हवं होतं. झाड वाढलं बरं का, छान वाढलं, पानं तजेलदार, सावली मस्त, आणि सात वर्षं फळ म्हणाल तर शून्य. फुलंही पाच-सहाच यायची, तीही वेगवेगळ्या आठवड्यांत. मी खत बदललं, पाणी कमी केलं, जास्त केलं, एकदा तर त्याच्यासमोर उभी राहून चक्क रागावले. नंतर कळलं की झाडाची काही चूकच नव्हती. बिंगला हिवाळ्यात साधारण सातशे-आठशे तास थंडी लागते आणि माझ्याकडे त्याच्या निम्मीसुद्धा पडत नाही. वर बिंगला परागासाठी दुसऱ्या जातीचं झाड जवळ लागतं, ते तर मी लावलंच नव्हतं.

तर माझं उत्तर एवढंच, की आधी थंडी मोजा, फळ नंतर निवडा. ही सगळी झाडं हिवाळ्यात पानं गाळून झोपतात आणि ठराविक तास थंडी मिळाल्याशिवाय नीट जागी होत नाहीत. ढोबळ हिशोब असा की तापमान ० ते ७ अंश सेल्सिअसच्या मधे असलेले तास मोजायचे, त्यांना चिलिंग अवर्स म्हणतात. मधेच दुपारी चांगलं ऊन तापलं तर जमा झालेले तास काही प्रमाणात वायाही जातात, त्यामुळे नुसत्या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका, पण अंदाज येतो. एकट्या पीचमधेच केवढा फरक आहे बघा, फ्लॉर्डाप्रिन्सला दीडशेच्या आसपास तास पुरतात आणि रेडहेवनला आठशेच्या वर लागतात. नुसतं पीच हवंय म्हणून सांगणं म्हणजे नुसते बूट हवेत म्हणून सांगण्यासारखं आहे, नंबर कोण सांगणार?

आणि उलटी चूकही होते, ती कोणी सांगत नाही. कडक थंडीच्या जागी कमी तासांची जात लावली तर तिची झोप लवकर पुरी होते, चार उबदार दिवस आले की ती फुलून मोकळी, आणि मग एका रात्री पारा शून्याखाली तीन-चार अंश गेला की फुलं आतून काळी. बाहेरून पाकळ्या गुलाबीच दिसतात, फूल उभं चिरलं की मधला भाग तपकिरी पडलेला दिसतो. जर्दाळू यात सगळ्यात अभागी, कारण तो मुळातच सगळ्यांच्या आधी फुलतो.

परागाचं पटकन सांगते. पीच आणि नेक्टरिन बहुतेक एकटे फळतात (नेक्टरिन म्हणजे बिनलवीचा पीचच, एका जीनचा फरक), जर्दाळूच्याही बऱ्याच जाती एकट्या चालतात. प्लममधे जपानी जातींना बहुधा जोडीदार लागतो, सांता रोझा त्यातल्या त्यात स्वतःचं बघून घेतो, तरी सोबत असली तर जास्त फळतो. गोड चेरीत मात्र भानगड आहे. दोन वेगळ्या जाती लावल्या म्हणजे झालं असं नाही, बिंग, लॅम्बर्ट आणि नेपोलियन ही तिन्ही शेजारी शेजारी लावलीत तरी एकमेकांच्या कामाची नाहीत. एकच झाड लावायला जागा असेल तर स्टेलासारखी स्वतःच्याच परागावर फळणारी जात बघा.

आता जमीन. मला विचाराल तर थंडीपेक्षाही जास्त झाडं पाण्याने मरतात. माझा जर्दाळू तिसऱ्या वर्षी ऐन बहरात असताना दोन आठवड्यांत वाळला, पानं झाडावरच लटकून राहिली, आणि मी वेड्यासारखी वाटलं तहान लागली असेल म्हणून अजून पाणी घालत बसले. उपटला तेव्हा मुळं काळी, बोटांनी साल ओढली तर मोज्यासारखी निघून आली, आणि खड्ड्याला गटारासारखा वास. खाली चिकणमातीचा थर होता, मी खड्डा खणून त्यात भुसभुशीत माती आणि खत भरलं होतं, म्हणजे झाडासाठी स्वतःच्या हाताने बादली बनवली होती. या झाडांच्या मुळांना हवा लागते, पाणी साचलेलं त्यांना अजिबात सोसत नाही, त्यातल्या त्यात प्लम जरा सहन करतो, त्याचं कलम मायरोबलान नावाच्या प्लमच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळांच्या भागावर, बांधलेलं असेल तर अजून जरा.

म्हणून आता मी लावायच्या आधी हातभर खोल खड्डा खणते, पाणी भरते, जिरू देते, मग परत भरते आणि बघत बसते. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाला निदान दोन-तीन सेंटिमीटर उतरायला हवं. सकाळी भरलेलं संध्याकाळीही तसंच चमकत असेल तर तिथे मातीचा उंचवटा करा आणि झाड त्याच्यावर लावा, खड्ड्यात नको. कलमाचा जोड मातीच्या वर राहू द्या, आच्छादन खोडाला टेकू देऊ नका.

छाटणीला लोक फार घाबरतात, पण ती झाडाला विचारली तर झाडच सांगतं. पीचला फळ गेल्या वर्षी वाढलेल्या कोवळ्या लालसर काडीवरच येतं, एकदा फळलेली काडी त्या जागी परत फळत नाही, म्हणून त्याला दरवर्षी नवीन काडी फुटायला लावायची, म्हणजे निर्दयपणे कापायचं, तिसरा हिस्सा तरी. नाही कापलं तर फळं दरवर्षी अजून वर अजून लांब सरकतात आणि शेवटी पक्ष्यांच्या वाट्याला जातात. प्लम, चेरी, जर्दाळू यांना जुन्या फांदीवरच्या आखूड गाठाळ फुटव्यांवर वर्षानुवर्षं फळ येतं, तिथे कात्री हलकी चालवा, नाहीतर पुढची कित्येक वर्षं कापून टाकाल. आणि चेरी-जर्दाळूची छाटणी फळं काढून झाल्यावर कोरड्या दिवसात करा, ओल्या हवेत जखमेतून रोग शिरतो आणि मग डिंक गळत बसतो.

रोगांत पीचच्या पानमुरड्याचं एक सांगते, बाकी जाऊ दे. पानं फुगून लाल वाकडी झालेली दिसली की लोक फवारणीला धावतात, तेव्हा उशीर झालेला असतो. तांब्याचं औषध पानं गळाल्यावर आणि परत फांदीवरचे डोळे, म्हणजे नवे अंकुर, फुगायच्या आधी मारायचं. फांदीवर सुकून चिकटलेली जुनी फळं दिसली तर काढून टाका, पुढच्या वर्षीची सड तिथेच दबा धरून असते.

आणि सगळ्यात अवघड काम हे नाहीच, सगळ्यात अवघड काम म्हणजे विरळणी. फळं गोटीएवढी झाली, आतली कोय अजून टणक व्हायचीय, तेव्हा शिडीवर चढायचं आणि पीच साधारण वीतभर अंतरावर एक ठेवून बाकीचे खुडायचे. अंगठा आणि दोन बोटांत धरून जरा पिळलं की टक् आवाज येऊन सुटतात, हिरवी, मखमली, अगदी निर्दोष फळं. पहिल्या वर्षी मला खुडवेनात. वीसातली दोन काढायचे, खाली उतरायचे, परत बघायला जायचे. त्या वर्षी फळं आली लिंबाएवढी, नुसती कोय आणि साल, आणि एक मोठी फांदी भाराने बुंध्यापासून फाटली. आता मी खाली चादर घालते आणि वर बघतच नाही किती पडले ते. घरातलं कोणी त्या वेळी जवळ येऊन ‘अगं, किती वाया घालवतेस’ म्हणालं तर त्यालाच शिडीवर चढवते.

तर कुठलं लावू? फार विचार नको असेल तर तुमच्या थंडीच्या तासात बसणारा एक पीच. एकटा फळतो, तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ दाखवतो, चुका लवकर कळतात. फार वर्षं जगत नाही, बारा-पंधरा वर्षांत थकतो, ते आधीच माहीत असू द्या. ती माझी चेरी अजून उभी आहे, खाली बाक टाकलाय. आणि जातीचं नाव विचारायच्या आधी तो खड्डा खणा आणि दुसरं पाणी किती वेळात उतरलं ते मला कळवा, मग बोलू.